साइडवॉक टोरंटो

साइडवॉक टोरंटो हा कॅनडातील टोरंटो शहराच्या पूर्व सरोवरकाठासाठी आखलेला, परंतु प्रत्यक्षात न आलेला तंत्रज्ञानाधारित नगरविकास प्रकल्प होता. ऑन्टारियो सरोवराच्या काठावरील 'कीसाइड' या सुमारे १२ एकर (४.९ हेक्टर) जागेवर संवेदक, स्वयंचलित यंत्रणा आणि लाकडी बांधकामाच्या नव्या पद्धती वापरून एक आदर्श वस्ती उभारावी, अशी ही कल्पना होती. वॉटरफ्रंट टोरंटो ही सार्वजनिक संस्था आणि गूगलची मूळ कंपनी असलेल्या अल्फाबेटची उपकंपनी साइडवॉक लॅब्ज हे या प्रकल्पाचे भागीदार होते. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रकल्पाची घोषणा झाली आणि ७ मे २०२० रोजी साइडवॉक लॅब्जने त्यातून माघार घेतली.

या अडीच वर्षांत प्रकल्पावर झालेली चर्चा 'स्मार्ट शहर' या संकल्पनेच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. सार्वजनिक जागेत गोळा होणारी माहिती कोणाच्या मालकीची, वस्तीचे नियम ठरवण्याचा अधिकार कोणाचा, त्या भूमीशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या समुदायांचे स्थान काय आणि लोकांचा सल्ला घेणे म्हणजे लोकांनी निर्णय घेणे होय का, असे प्रश्न त्यातून पुढे आले. तंत्रज्ञानप्रधान नगरविकासात समुदाय आणि संस्कृती यांना मध्यवर्ती स्थान कसे द्यावे, याचा अभ्यास करताना या प्रकल्पाचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

सरोवरकाठाचा इतिहास

टोरंटो ज्या भूमीवर वसले आहे, ती अनेक मूलनिवासी राष्ट्रांची पारंपरिक भूमी आहे. 'टोरंटो' हे नाव मोहॉक भाषेतील 'त्कारोंतो' या शब्दावरून आले असून पाण्यात झाडे उभी आहेत ती जागा, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ब्रिटिश राजसत्तेने १७८७ मध्ये मिसिसॉगा लोकांशी जमिनीचा व्यवहार केला आणि १८०५ मध्ये त्याला पुष्टी देण्यात आली. हा व्यवहार 'टोरंटो खरेदी' या नावाने ओळखला जातो. त्याच्या न्याय्यतेवरील वाद सुमारे दोन शतके चालला. अखेर २०१० मध्ये कॅनडाच्या संघ शासनाने मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट फर्स्ट नेशन या राष्ट्राला १४ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले आणि हा दावा निकाली निघाला.

शहराच्या पूर्वेस डॉन नदी सरोवराला मिळते. तिच्या मुखाशी ॲशब्रिजेस बे नावाची विस्तीर्ण पाणथळ जागा होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे भराव घालून बंदर व उद्योगांसाठी 'पोर्ट लँड्स' ही जमीन तयार करण्यात आली. नदीचा प्रवाह काटकोनात वळवून कीटिंग कालव्यात सोडण्यात आला. पुढे बंदराचे महत्त्व कमी झाले. मागे उरल्या त्या गोदामे, रिकामे भूखंड आणि उद्योगांमुळे प्रदूषित झालेली माती. या पट्ट्याला पुराचाही धोका होता.

या काठाच्या पुनरुज्जीवनासाठी संघ शासन, ऑन्टारियो प्रांत आणि टोरंटो शहर यांनी २००१ मध्ये संयुक्तपणे वॉटरफ्रंट टोरंटो ही संस्था स्थापन केली. प्रत्येकाने ५० कोटी याप्रमाणे एकूण १५० कोटी कॅनेडियन डॉलरचा निधी देण्याचे ठरवले. कीसाइड हा भूखंड याच संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो.

नागरी चळवळींची परंपरा

नगररचनेच्या प्रश्नांवर नागरिकांनी संघटित होण्याची परंपरा टोरंटोला आहे. शहराच्या मध्यवर्ती वस्त्या चिरत जाणाऱ्या स्पडायना द्रुतगती मार्गाला रहिवाशांनी प्रखर विरोध केला. त्यामुळे ऑन्टारियोचे प्रांतप्रमुख बिल डेव्हिस यांनी जून १९७१ मध्ये तो प्रकल्प रद्द केला. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून वरून लादलेल्या नगररचनेवर टीका करणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून टोरंटोत आल्या आणि या आंदोलनात सहभागी झाल्या. २००६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे वास्तव्य येथेच होते. टोरंटोच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ निम्मे रहिवासी कॅनडाबाहेर जन्मलेले आहेत. त्यामुळे वस्ती, बाजारपेठ आणि सार्वजनिक जागा यांचा विचार येथे सांस्कृतिक विविधतेच्या संदर्भातही केला जातो.

प्रकल्पाचा प्रारंभ

मार्च २०१७ मध्ये वॉटरफ्रंट टोरंटोने कीसाइडसाठी 'नवोन्मेष आणि निधी भागीदार' मिळवण्याच्या हेतूने प्रस्ताव मागवले. त्यातून साइडवॉक लॅब्जची निवड झाली. ही कंपनी २०१५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली होती. न्यूयॉर्कचे माजी उपमहापौर डॅनियल डॉक्टोरॉफ हे तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. ऑक्टोबर २०१७ मधील घोषणेच्या समारंभाला पंतप्रधान जस्टिन ट्रूडो उपस्थित होते. आराखडा तयार करण्यासाठी पाच कोटी अमेरिकी डॉलर खर्च करण्याचे कंपनीने जाहीर केले.

मागवलेले प्रस्ताव १२ एकरांच्या कीसाइडसाठी होते. मात्र सुरुवातीपासूनच्या चर्चेत ३२५ हेक्टरांहून मोठ्या संपूर्ण पूर्व सरोवरकाठाचा उल्लेख येत राहिला. प्रकल्पाची हद्द नेमकी कोठवर, ही संदिग्धता पुढील अनेक वादांच्या मुळाशी होती.

आराखड्याचे स्वरूप

साइडवॉक लॅब्जने 'मुख्य नवोन्मेष व विकास आराखडा' जून २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तो दीड हजारांहून अधिक पानांचा होता. त्यातील प्रमुख कल्पना पुढीलप्रमाणे होत्या.

लाकडी इमारती : कीसाइडवरील सर्व इमारती काँक्रीट व पोलादाऐवजी प्रक्रिया केलेल्या भक्कम लाकडापासून उभारायच्या होत्या. इमारतींचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर जोडले जाणार होते.

बदलते रस्ते : षटकोनी फरशांचे रस्ते, फरशीतच बसवलेले दिवे आणि गरजेनुसार वाहने व पादचारी यांच्यात जागेची फेरवाटणी, अशी ही रचना होती. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी रस्त्याची कड निरनिराळ्या कामांसाठी वापरता यावी, असा तिचा हेतू होता.

भूमिगत सेवा : मालवाहतुकीसाठी भूमिगत बोगदे आणि हवेच्या दाबाने कचरा वाहून नेणाऱ्या नळ्या प्रस्तावित होत्या.

हवामानाशी जुळवून घेणे : पाऊस, वारा आणि थंडीपासून पदपथांना आडोसा देणारी इमारतींची आवरणे सुचवण्यात आली होती. टोरंटोतील दीर्घ हिवाळ्यातही लोकांना सार्वजनिक जागेत वावरता यावे, हा त्यामागील उद्देश होता.

घरे : सुमारे ४० टक्के घरे बाजारभावापेक्षा कमी दरात उपलब्ध करून देण्याचा प्रस्ताव होता.

विदा : वाहतूक, ऊर्जा, कचरा आणि सार्वजनिक जागांचा वापर यांची नोंद संवेदकांद्वारे ठेवायची होती. या माहितीला कंपनीने 'नागरी विदा' असे नाव दिले आणि तिच्या देखरेखीसाठी एका स्वतंत्र न्यासाची कल्पना मांडली.

आराखड्याची व्याप्ती कीसाइडपुरती नव्हती. लगतची जमीन धरून सुमारे १९० एकरांचा एक विशेष नवोन्मेष विभाग त्यात सुचवला होता. त्यासाठी नव्या प्रशासकीय यंत्रणा आणि सध्याच्या काही नियमांत बदल अपेक्षित होते.

लोकसहभागाची प्रक्रिया

साइडवॉक लॅब्ज आणि वॉटरफ्रंट टोरंटो यांनी लोकसहभागासाठी अनेक उपक्रम हाती घेतले. त्यांत जाहीर सभा, गोलमेज बैठका, ३६ रहिवाशांचे संदर्भ मंडळ आणि अन्य शहरांचा अभ्यासदौरा करणाऱ्या १२ तरुणांचा गट यांचा समावेश होता. जून २०१८ मध्ये लेक शोर बुलेव्हार्ड ईस्टवरील ३०७ क्रमांकाच्या इमारतीत प्रयोगशाळा व प्रदर्शनकेंद्र सुरू झाले. तेथे नागरिकांना षटकोनी फरशा आणि इतर नमुने प्रत्यक्ष पाहता येत होते.

या प्रक्रियेवर दोन प्रकारची मते व्यक्त झाली. नेहमीच्या विकासकांच्या तुलनेत येथे लोकांशी कितीतरी अधिक संवाद झाला, असे समर्थकांचे म्हणणे होते. टीकाकारांचा आक्षेप संवादाच्या प्रमाणावर नव्हता, त्याच्या विषयावर होता. बाके कशी असावीत आणि रस्त्यावर सावली किती असावी, यांवर नागरिकांचे मत घेतले जाते. परंतु शहराचा एवढा भाग एका खासगी कंपनीच्या कल्पनेनुसार घडवावा का आणि लोकांच्या वावराची नोंद मुळात ठेवावी का, हे प्रश्न चर्चेला ठेवलेच जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. नागरी तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील कार्यकर्त्या बिआंका वायली यांनी लोकशाही प्रक्रियेचा हा मुद्दा सातत्याने मांडला.

वादाचे मुद्दे

विदा आणि खासगीपणा

भ्रमणध्वनीवरील एखादी सेवा वापरताना निदान नावापुरती तरी वापरकर्त्याची संमती घेतली जाते. ती नाकारून सेवा न वापरण्याचा पर्याय त्याला असतो. रस्त्यावरून चालणाऱ्या व्यक्तीला असा पर्याय नसतो. संवेदकांची नोंद टाळायची, तर तिला त्या रस्त्याने जाणेच सोडावे लागेल. शाळेत जाणारे मूल, कामावर निघालेला मजूर किंवा बाकावर बसलेले वृद्ध यांची संमती कोण आणि कशी घेणार, हा खासगीपणाच्या वादातील मूळ प्रश्न होता.

ऑन्टारियो प्रांताच्या माजी माहिती व खासगीपणा आयुक्त ॲन कवुकियन या प्रकल्पाच्या सल्लागार होत्या. व्यक्तीची ओळख पटवणारा तपशील माहिती गोळा होते त्याच क्षणी आणि त्याच ठिकाणी काढून टाकावा, असा त्यांचा आग्रह होता. या वस्तीत माहिती गोळा करणाऱ्या इतर कंपन्यांवर असे बंधन घालण्याची हमी आपण देऊ शकत नाही, असे साइडवॉक लॅब्जने सांगितल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात वॉटरफ्रंट टोरंटोच्या डिजिटल धोरण सल्लागार मंडळाच्या सदस्य सादिया मुझफ्फर यांनीही पद सोडले. लोकांच्या चिंतांकडे गांभीर्याने पाहिले जात नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

प्रस्तावित विदा न्यासाबद्दलही मतभेद होते. नोंदींवर कंपनीऐवजी स्वतंत्र संस्थेचे नियंत्रण राहील, ही त्याची जमेची बाजू होती. मात्र खासगीपणाचे कायदे आणि त्यांची अंमलबजावणी करणारे आयुक्त अस्तित्वात असताना ज्या कंपनीवर नियंत्रण ठेवायचे, तिनेच नियंत्रकाचा आराखडा का तयार करावा, असा प्रश्न कायदेतज्ज्ञांनी उपस्थित केला. एप्रिल २०१९ मध्ये कॅनेडियन सिव्हिल लिबर्टीज असोसिएशनने वॉटरफ्रंट टोरंटो आणि तिन्ही शासनांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. असे व्यापक निरीक्षण नागरिकांच्या घटनादत्त हक्कांचे उल्लंघन करते, असा संघटनेचा युक्तिवाद होता.

जमीन, महसूल आणि निर्णयाधिकार

डिसेंबर २०१८ मध्ये ऑन्टारियोच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या वार्षिक अहवालात भागीदाराच्या निवडप्रक्रियेवर टीका केली. इच्छुकांना प्रस्तावासाठी केवळ सहा आठवडे देण्यात आले होते. निवड झालेल्या कंपनीला इतरांपेक्षा अधिक माहिती आधीच मिळाली होती, असेही अहवालात नमूद होते. त्यानंतर प्रांत शासनाने वॉटरफ्रंट टोरंटोच्या संचालक मंडळावरील आपल्या तीन प्रतिनिधींना पदावरून दूर केले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एका वृत्तपत्राने कंपनीचे अंतर्गत दस्तऐवज प्रसिद्ध केले. पायाभूत सुविधांसाठी निधी पुरवण्याच्या बदल्यात पोर्ट लँड्सच्या मोठ्या भागातून भविष्यात मिळणाऱ्या मालमत्ता कर व विकास शुल्कात कंपनीला वाटा हवा आहे, असे त्यांतून दिसून आले. मालमत्ता कर हे महानगरपालिकेच्या उत्पन्नाचे मुख्य साधन असल्याने ही बातमी गाजली. त्याच महिन्यात 'ब्लॉक साइडवॉक' या नावाने नागरिकांची विरोधी मोहीम सुरू झाली. भाडेकरूंच्या हक्कांसाठी काम करणारे, संगणकतज्ज्ञ आणि कामगार चळवळीतील कार्यकर्ते तीत एकत्र आले.

मूलनिवासी समुदायांचा प्रश्न

आराखडा तयार होत असताना मूलनिवासी समुदायांतील ज्येष्ठ, कलावंत आणि रचनाकार यांच्याशी सल्लामसलत करण्यात आली. त्यांच्या कार्यशाळेत भूमी, पाणी, स्मृती आणि शिक्षण यांविषयी शिफारशी पुढे आल्या. आराखडा प्रसिद्ध झाल्यावर आपल्या शिफारशींना त्यात स्थान मिळाले नाही आणि केवळ उपस्थितीची नोंद करून सहमती मिळाल्याचा आभास निर्माण करण्यात आला, अशी जाहीर तक्रार काही सहभागींनी ऑक्टोबर २०१९ मध्ये केली.

'रिकामी जमीन' या कल्पनेशीही हा प्रश्न निगडित होता. विकासकाच्या दृष्टीने कीसाइड हा कोरा भूखंड होता आणि म्हणूनच तो प्रयोगाला योग्य होता. मूलनिवासी राष्ट्रांच्या दृष्टीने मात्र ती नदीच्या मुखाशी असलेली, नावे आणि कथा असलेली भूमी होती. शहराची सुरुवात कोठून मोजायची, यावर दोन्ही बाजूंचे एकमत नव्हते.

ऑक्टोबर २०१९ चा समझोता

सप्टेंबर २०१९ मध्ये डिजिटल धोरण सल्लागार मंडळाने आराखड्यावरील आपली प्राथमिक निरीक्षणे प्रसिद्ध केली. आराखड्यातील काही भाग अमूर्त आहे आणि काही ठिकाणी तंत्रज्ञान केवळ तंत्रज्ञानासाठी वापरल्यासारखे वाटते, असे मत त्यांत नोंदवले होते. मायकेल गाइस्ट हे कायद्याचे प्राध्यापक या मंडळाचे अध्यक्ष होते.

३१ ऑक्टोबर २०१९ रोजी वॉटरफ्रंट टोरंटो आणि साइडवॉक लॅब्ज यांच्यात मूलभूत मुद्द्यांवर समझोता झाला. त्यानुसार प्रकल्प पुन्हा १२ एकरांपुरता मर्यादित करण्यात आला. जमीन बाजारभावाने देण्याचे आणि विकासकार्यात वॉटरफ्रंट टोरंटोने अग्रस्थानी राहण्याचे ठरले. स्वतंत्र विदा न्यासाची कल्पना सोडून देण्यात आली. वैयक्तिक माहिती कॅनडातच साठवली जाईल आणि विद्यमान कायदे व सार्वजनिक संस्थेचे नियम लागू राहतील, हे कंपनीने मान्य केले. नागरिकांच्या संघटित दबावामुळे मोठ्या कंपनीला अटी बदलाव्या लागल्याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते.

फेब्रुवारी २०२० मधील तांत्रिक मूल्यमापनात वॉटरफ्रंट टोरंटोने १६० सूचनांपैकी १४४ सूचनांना पूर्ण किंवा सशर्त पाठिंबा दर्शवला. म्हणजेच बहुतेक तांत्रिक कल्पना संस्थेला स्वीकारार्ह वाटल्या होत्या.

प्रकल्पाची समाप्ती

अंतिम निर्णय होण्यापूर्वीच, ७ मे २०२० रोजी साइडवॉक लॅब्जने प्रकल्प सोडत असल्याचे जाहीर केले. कोविड-१९ महासाथीमुळे निर्माण झालेल्या आर्थिक अनिश्चिततेत, योजनेच्या मूळ गाभ्याला धक्का न लावता तो व्यवहार्य ठरवणे अशक्य झाले आहे, असे कारण डॉक्टोरॉफ यांनी दिले. विरोधकांच्या मते प्रकल्पाचे क्षेत्र आणि महसुलातील संभाव्य वाटा कमी झाल्याने कंपनीचे स्वारस्य आधीच ओसरले होते. २०२१ च्या अखेरीस साइडवॉक लॅब्जचे बहुतेक काम गूगलमध्ये विलीन करण्यात आले.

नंतरच्या घडामोडी

कीसाइडचा नवा आराखडा

वॉटरफ्रंट टोरंटोने कीसाइडसाठी नव्याने प्रस्ताव मागवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ड्रीम अनलिमिटेड आणि ग्रेट गल्फ या विकासकांची निवड जाहीर झाली. नव्या मांडणीत संवेदकांचा आणि स्वयंचलित वाहनांचा उल्लेख मागे पडला. परवडणारी आठशेहून अधिक घरे, दोन एकरांचे सामुदायिक वन, शहरी शेती, वृद्धांना आपल्याच वस्तीत राहता येईल अशी निवासव्यवस्था आणि मूलनिवासी संस्कृतीला स्थान देणारे कलाकेंद्र यांवर तीत भर होता.

डॉन नदीचे नवे मुख

कीसाइडच्या शेजारी याच काळात एक वेगळा प्रकल्प आकार घेत होता. पोर्ट लँड्स पूरनियंत्रण प्रकल्पासाठी तिन्ही शासनांनी २०१७ मध्ये सुमारे १.२५ अब्ज कॅनेडियन डॉलर मंजूर केले. त्यातून डॉन नदीसाठी सुमारे एक किलोमीटर लांबीचे नैसर्गिक वळणांचे नवे पात्र खोदण्यात आले आणि तिच्या मुखाशी पाणथळ अधिवास पुन्हा निर्माण करण्यात आले. या कामातही प्रगत अभियांत्रिकी आणि संगणकीय प्रतिमाने वापरली गेली. तथापि, तंत्रज्ञान हे त्याचे उद्दिष्ट म्हणून मांडले गेले नाही.

नव्या पात्रामुळे तयार झालेल्या बेटाला आरंभी 'व्हिलियर्स आयलंड' म्हणत. नामकरणाचे काम मूलनिवासी ज्येष्ठ, ज्ञानपरंपरेचे वाहक आणि भाषेचे जाणकार यांच्या सल्लागार गटाकडे सोपवण्यात आले. २०२४ मध्ये बेटाला 'ऊक्वेमिन मिनिसिंग' हे अनिशिनाबेमोविन भाषेतील नाव देण्यात आले. काळ्या चेरीच्या झाडांची जागा, असा त्याचा अर्थ आहे. तेथील उद्यानाचे नाव 'बीडासिगे' ठेवण्यात आले. आपल्याकडे येणारा सूर्यप्रकाश, असा अर्थ त्यातून सूचित होतो. या उद्यानाचा पहिला टप्पा जुलै २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

शहराचे डिजिटल धोरण

कीसाइडवरील वाद सुरू झाला, तेव्हा विदा आणि डिजिटल सुविधा यांविषयी टोरंटो शहराचे स्वतःचे सर्वंकष धोरण नव्हते. त्यामुळे नियमांची भाषा प्रथम कंपनीकडून आली आणि शहराला तिला उत्तर द्यावे लागले. या अनुभवानंतर महानगरपालिकेने स्वतःचा धोरणात्मक आराखडा तयार करून २०२२ मध्ये स्वीकारला. समता, लोकशाही नियंत्रण आणि खासगीपणा ही त्यातील तत्त्वांपैकी काही तत्त्वे आहेत.

मूल्यमापन

प्रकल्पाच्या अपयशाची कारणमीमांसा एकसारखी नाही. काहींच्या मते शहराने लाकडी बांधकाम, ऊर्जाबचत आणि परवडणारी घरे यांची दुर्मीळ संधी गमावली. बांधकामाचा खर्च आणि घरभाडी वाढत असलेल्या शहरात अशा प्रयोगाची गरज होती आणि विदेविषयीच्या भीतीपोटी सगळ्याच चांगल्या कल्पना बाजूला पडल्या, असा त्यांचा मुद्दा आहे. इतरांच्या मते माहितीचा प्रश्न लोकांना सहज उमगणारा असल्याने तो पुढे राहिला. खरा वाद सार्वजनिक जमीन, महसूल आणि सत्ता यांचा होता.

या अनुभवावरून नगररचनेच्या अभ्यासात काही मुद्दे मांडले जातात. पहिला मुद्दा क्रमाचा आहे. तंत्रज्ञान आधी निवडून नंतर त्यासाठी समस्या शोधली, तर लोकांच्या गरजा दुय्यम ठरतात. दुसरा मुद्दा नियमांचा आहे. सार्वजनिक जागेतील माहितीचे नियम भागीदार निवडण्यापूर्वी लोकनियुक्त संस्थेने ठरवलेले असावेत, अन्यथा वाटाघाटीत खासगी भागीदाराची मांडणीच आधारभूत ठरते. तिसरा मुद्दा नकाराच्या अधिकाराचा आहे. प्रकल्प बदलण्याचा किंवा नाकारण्याचा मार्ग उपलब्ध नसेल, तर लोकसहभाग ही औपचारिकता उरते. चौथा मुद्दा संस्कृतीचा आहे. समुदायाची स्मृती, भाषा आणि भूमीशी असलेले नाते यांचा विचार आराखडा पूर्ण झाल्यावर सजावटीपुरता करता येत नाही. जागेची व्याख्या ठरते त्या टप्प्यावरच त्याला स्थान द्यावे लागते.

विदेवरील लोकशाही नियंत्रणाचे वेगळे उदाहरण म्हणून याच काळातील बार्सिलोना शहराचा उल्लेख केला जातो. तेथे २०१६ मध्ये 'डेसिदिम' हे लोकसहभागाचे मुक्तस्रोत व्यासपीठ सुरू झाले. नागरिकांचे प्रस्ताव, त्यांवरील चर्चा आणि महानगरपालिकेचे उत्तर त्यावर सर्वांना पाहता येते. मात्र दोन्ही उदाहरणांची थेट तुलना करताना मर्यादा येतात. कारण टोरंटोत प्रश्न एका नव्या वस्तीच्या उभारणीचा होता, तर बार्सिलोनात वसलेल्या शहराच्या कारभाराचा.

भारतीय संदर्भ

भारतात २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियानाचा प्रारंभ झाला आणि त्यात टप्प्याटप्प्याने १०० शहरांची निवड झाली. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, ठाणे ही महाराष्ट्रातील आणि पणजी हे गोव्यातील शहर त्यांत होते. अंमलबजावणीसाठी प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली विशेष उद्देश कंपनी स्थापन करण्यात आली. टोरंटोतील प्रकल्पाशी या अभियानाचा प्रत्यक्ष संबंध नाही. तरीही निर्वाचित सभागृह आणि कंपनीरूप यंत्रणा यांच्यातील अधिकारांची विभागणी, तसेच रस्त्यांवरील कॅमेरे व संवेदकांतून जमा होणाऱ्या माहितीवरील नियंत्रण, हे प्रश्न दोन्हीकडे समान आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत केला. सार्वजनिक जागेतून केवळ चालत जाणाऱ्या व्यक्तीची संमती कशी घ्यावी, हा टोरंटोत उपस्थित झालेला प्रश्न भारतीय शहरांनाही लागू होतो.